गोल्डन गेट पूल आणि धुक्याची उंची : वर्षभराच्या प्रकल्प नोंदी

८ जून

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाची बारा छायाचित्रांची मालिका करायची, प्रत्येक छायाचित्रातली हवा आणि प्रकाश वेगळा असला पाहिजे, पण जागा मात्र चारच ठेवायच्या, एवढे ठरवून आज कामाला सुरुवात केली. उत्तर टोकाला पुलाला अगदी लगटून असलेली बॅटरी स्पेन्सर ही तोफखान्याची जुनी जागा, तिच्या पश्चिमेला ९२३ फूट उंचीची हॉक हिल, दक्षिण टोकाला पुलाच्या कमानीखाली उभा असलेला फोर्ट पॉइंट हा विटांचा किल्ला, आणि तिथून किनाऱ्याने दक्षिणेला असलेला मार्शल्स बीच, या त्या चार जागा. हा सारा परिसर राष्ट्रीय उद्यान खात्याच्या अखत्यारीत असल्यामुळे ड्रोन उडवता येत नाही, तेव्हा तो विचार पहिल्याच दिवशी सोडून दिला. पुढे कोणाला हेच काम करायचे असेल तर त्याचा वेळ वाचावा, म्हणून चुकाही जशाच्या तशा लिहून ठेवणार आहे.

पहिली चूक आजच झाली. फोनवरच्या अंदाजात ‘धुके’ असे दिसल्यामुळे मोठ्या उत्साहाने पहाटे साडेतीनला उठले आणि ४.५० ला बॅटरी स्पेन्सरला पोहोचले. समोर पूल नव्हताच. पुलावरचे धुक्याचे भोंगे, एक खर्जातला आणि एक चढ्या स्वराचा, ठरावीक अंतराने वाजत होते आणि त्यावरूनच पूल कोणत्या दिशेला आहे हे कळत होते. सूर्योदय होऊन गेला, धुके करड्याचे पांढरे झाले, एवढाच काय तो फरक पडला. साडेआठपर्यंत थांबून हात हलवत परत आले.

१४ जून

पुन्हा बॅटरी स्पेन्सर. या वेळी धुके मधूनमधून फाटत होते आणि उत्तरेकडच्या मनोऱ्याचे टोक दोन-तीनदा स्पष्ट दिसले. सुमारे दीड तासात १४० छायाचित्रे घेतली आणि घरी येऊन पाहिली तेव्हा त्यांतली जवळजवळ सर्व वाया गेल्याचे लक्षात आले. इथले उन्हाळी धुके कोरडे नसते. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर ते लेन्सवर आडवे येऊन आदळते, आणि काचेवर बसणारे थेंब इतके बारीक असतात की कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर ते दिसत नाहीत. फक्त चित्र किंचित मऊ दिसते, आणि ते धुक्यामुळेच असेल असे आपण समजून चालतो. मोठे करून पाहिल्यावर मनोऱ्याच्या प्रत्येक कडेभोवती प्रभावळ होती.

उपाय म्हणून तीन गोष्टी केल्या. लेन्सचा हूड दिवसा असो वा रात्री, काढायचा नाही. पुसण्याची चार कापडे वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ठेवायची, कारण एकच कापड खिशात ठेवले तर तेही पाऊण तासात दमट होते आणि मग ते थेंब पुसत नाही, नुसते पसरवते. आणि दर पाच छायाचित्रांनंतर पडद्यावर चित्र पूर्ण मोठे करून मनोऱ्याची कड तपासायची.

२ जुलै

जूनमधल्या सात फेऱ्यांपैकी पाच पूर्ण वाया गेल्या. तेव्हा आठवडाभर कॅमेरा बाजूला ठेवून धुके कसे वागते याचाच अभ्यास केला, आणि माझा प्रश्नच चुकत होता हे कळले. ‘धुके असेल का’ हे विचारून उपयोग नाही, कारण उन्हाळ्यात ते बहुतेक रोज असतेच: किनाऱ्याजवळ समुद्राच्या तळाचे थंड पाणी वर येते, त्यावरून येणारी दमट हवा गार होऊन धुके धरते, आणि आतल्या भागातल्या सेंट्रल व्हॅली या खोऱ्यातली हवा तापून वर गेली की तिची जागा भरून काढण्यासाठी हे धुके पुलाखालच्या सामुद्रधुनीच्या दारातून आत ओढले जाते. विचारायचे ते एवढेच, की धुक्याचा माथा किती फुटांवर आहे.

याला तीन आकडे पुरतात. पुलाचा रस्ता पाण्यापासून साधारण २२० फूट वर आहे, मनोऱ्यांची टोके ७४६ फुटांवर आहेत आणि हॉक हिल ९२३ फुटांवर. धुक्याचा माथा २२० च्या खाली असेल तर अख्खा पूल धुक्याच्या वर तरंगतो आणि बॅटरी स्पेन्सर ही जागा योग्य ठरते. माथा २२० आणि ७४६ यांच्या दरम्यान असेल तर मनोरे धुक्यातून वर डोकावतात आणि ते पाहायला हॉक हिलवर जावे लागते. माथा हजाराच्या पुढे गेला की वर चढण्यात काहीच अर्थ नाही. तेव्हा खाली फोर्ट पॉइंटला जावे आणि धुक्याचा तळ पाण्यापासून सुटलेला आहे का ते पाहावे.

माथा कळण्यासाठी जवळच्या ओकलंड शहरातून सोडल्या जाणाऱ्या हवामान फुग्याची नोंद पाहते. उन्हाळी वेळेप्रमाणे ती पहाटे ५ ची आणि सायंकाळी ५ ची असते. वर जाताना तापमान उतरण्याऐवजी ज्या उंचीवर एकदम चढू लागते, तिथे धुक्यावर झाकण बसलेले असते आणि धुके त्याच्या वर जात नाही. ८ जूनची जुनी नोंद काढून पाहिली तेव्हा हे झाकण १,४०० फुटांच्या आसपास होते. त्या दिवशी मी कितीही वेळ थांबले असते तरी काही दिसले नसते.

१९ जुलै

तीन दिवस आतल्या भागात कडक ऊन होते, वरून उच्च दाबाची हवा खाली दाबत होती, आणि काल सायंकाळच्या नोंदीत झाकण ५०० फुटांवर उतरलेले दिसले. पहाटे सव्वापाचला हॉक हिलवर पोहोचले. शेवटच्या वळणापर्यंत गाडीच्या काचा ओल्या होत्या आणि त्या वळणानंतर एकदम वर तारे दिसले. खाली शहर नव्हते, समुद्र नव्हता; दोन नारिंगी मनोरे आणि मागे दूरवर गगनचुंबी इमारतींची चार-दोन टोके, इतकेच धुक्याच्या वर होते. जून महिन्याचे सारे श्रम त्या क्षणी फिटले, हे मोकळेपणाने लिहिते.

शटरच्या वेळेबद्दल आज जे शिकले ते नीट लिहून ठेवते. धुके वाहताना दिसावे म्हणून सुरुवातीला गडद फिल्टर लावून चार-चार मिनिटांची छायाचित्रे घेतली. ती अगदी निर्जीव आली. इतक्या वेळात धुक्याच्या लाटा एकमेकींवर चढून पुसल्या जातात आणि मनोऱ्याभोवती फक्त पांढरा गुळगुळीत थर उरतो. मग वेळ कमी करत आणली तेव्हा ८ ते १५ सेकंदांत धुक्याचे घडीदार रूप टिकते आणि प्रवाहही जाणवतो, असे दिसले. उत्तरेकडच्या मनोऱ्यापाशी धुके टेकडीच्या धारेवरून खाली ओघळते. तिथे वेग जास्त असल्यामुळे ४ सेकंदही पुरे झाले. आणखी एक गोष्ट अशी, की पांढऱ्याशुभ्र धुक्याला कॅमेरा करडे समजतो आणि चित्र काळपट करतो, म्हणून एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश देऊन हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या कडेला टेकणार नाही इतपत सरकवला.

२० जुलै

कालच्या ६२ छायाचित्रांपैकी निम्म्याहून अधिक हललेली आहेत. आनंदाच्या भरात मोठे करून तपासण्याचा स्वतःचाच नियम मी पाळला नाही. मोडलेला नियम पुन्हा पाळणे सोपे आहे, पण ती हलली का हे शोधायला दुपार गेली. रेलिंगच्या वरून दिसावे म्हणून ट्रायपॉडची मधली दांडी वर काढली होती आणि वजन म्हणून तिच्या आकड्याला पिशवी टांगली होती. वाऱ्यात ती पिशवी लंबकासारखी झुलत होती आणि प्रत्येक झोक्याबरोबर कॅमेऱ्याला हिसका देत होती. यापुढे मधली दांडी पूर्ण खाली, पाय रुंद पसरून, आणि पिशवी जमिनीवर ठेवून तिचा पट्टा ट्रायपॉडला ताणून बांधायचा. टांगायची नाही.

उरलेल्यांतून एक छायाचित्र मालिकेसाठी निवडले. सहा आठवड्यांत एक.

११ ऑगस्ट

झाकण १,६०० फुटांवर, म्हणून थेट फोर्ट पॉइंट. १८५३ ते १८६१ या काळात बांधलेला हा किल्ला पाडावा लागू नये, म्हणून मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी त्याच्यावरून पोलादी कमान नेली आणि त्या कमानीखाली उभे राहिले की पुलाचे वजन पहिल्यांदा डोळ्यांना कळते. आज धुक्याचा तळ सुमारे ४०० फुटांवर होता: रस्ता स्पष्ट, आणि मनोरा अर्ध्यावर कापल्यासारखा नाहीसा. हे दृश्य वरून कधीच मिळत नाही. प्रकाश इतका सपाट होता की सावली कुठेच नव्हती, त्यामुळे कमानीच्या जाळीतला एक-एक रिव्हेट दिसला. दुपारचे दोन वाजले होते, आणि दुपारी छायाचित्र काढू नये हा सर्वसाधारण सल्ला अशा दिवशी लागू होत नाही. समुद्राच्या भिंतीवर लाट फुटून वर येणारे तुषार मात्र खारे असतात. ते कोरड्या कापडाने पुसले तर काचेवर ओरखडे पडू शकतात, म्हणून आधी साध्या पाण्याचा ओला रुमाल आणि मग कोरडे कापड.

६ सप्टेंबर

आज काम झाले नाही. वाहनतळावर गाडीची मागची काच फोडून आसनावरची पिशवी नेली. त्यात कॅमेरा नव्हता, पण दोन फिल्टर आणि सुट्या बॅटऱ्या होत्या. काच ३४० डॉलर, फिल्टर आणि बॅटऱ्या मिळून २६५ डॉलर, शिवाय दोन दिवस. या परिसरातल्या दृश्यस्थळांवर गाड्या फोडण्याचे प्रकार घडतात हे ठाऊक असूनही रिकामी दिसणारी पिशवी मागे ठेवली, हे चुकलेच. गाडीत काहीही दिसता कामा नये, साधे जाकीटसुद्धा नाही.

१२ ऑक्टोबर

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धुके मागे हटते आणि हवा सर्वांत स्वच्छ असते, म्हणून मार्शल्स बीच याच दिवसांसाठी राखून ठेवला होता. इथून पूल उत्तरेला दिसतो आणि मावळतीचा प्रकाश डावीकडून येतो, त्यामुळे दोन्ही मनोऱ्यांची पश्चिमेची बाजू उजळते आणि दुसरी बाजू निळ्या सावलीत राहते. खडक सर्पेंटाइनचे आहेत, ओले झाले की हिरवट चमकतात, आणि त्या हिरव्यापलीकडे पुलाचा नारिंगी रंग जितका खुलतो तितका दुसऱ्या कुठल्याही जागेवरून खुलत नाही असे माझे मत झाले आहे.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून गेले होते. पुलाजवळच्या केंद्रात १८५४ पासून अखंड मोजणी होते, तेव्हा वेळ चुकण्याचा प्रश्नच नव्हता, आणि ती चुकलीही नाही. जे पाहायला हवे होते आणि पाहिले नाही ते म्हणजे लाटांमधले अंतर. खोल समुद्रातल्या बोयाच्या (लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्राच्या) नोंदीत त्या दिवशी ते १७ सेकंद होते. इतक्या लांब अंतराच्या लाटा दहा-पंधरा मिनिटे अगदी शहाण्यासारख्या वागतात आणि मग तीन-चार मोठ्या लाटा ओळीने येतात. मी खडकांच्या मध्ये ट्रायपॉड लावून, अर्ध्या सेकंदात परत फिरणाऱ्या पाण्याच्या रेषा टिपत होते, आणि सोबत आलेला धाकटा भाऊ मागच्या उंच खडकावर बसला होता. “ताई, कॅमेरा उचल आणि मागे ये, आत्ताच्या आत्ता!” असे तो ओरडला म्हणून वाचले. पहिल्या लाटेने पाय ओढले, दुसरीने पिशवी नेली आणि तिसरीने ती परत खडकात आणून टाकली. कॅमेरा गळ्यात होता, त्यामुळे तो वाचला. पिशवीतल्या लांब लेन्समध्ये खारे पाणी गेले. दुरुस्तीचा अंदाज ४१० डॉलर आला आणि लेन्स पाच आठवडे गेली.

आता नियम असा: बोयाचे अंतर १३ सेकंदांपेक्षा जास्त असेल तर खडकांत उतरायचे नाही, मग ओहोटी कितीही चांगली असो, आणि उतरण्यापूर्वी वीस मिनिटे नुसते बसून पाणी पाहायचे. एकटीने तर तिथे जायचेच नाही.

त्या संध्याकाळचे लाट येण्याआधीचे एक छायाचित्र मालिकेत घेतले आहे.

१५ ऑक्टोबर

ट्रायपॉडचे दोन पाय उघडेनात. मीठ आणि वाळू सांध्यांत घट्ट बसली होती. सर्व पाय सुटे करून कोमट पाण्यात धुतले, वाळवले, पुन्हा वंगण लावले. एक संध्याकाळ गेली, खर्च काही नाही. त्याच रात्री धुतला असता तर पाच मिनिटांचे काम होते.

३० नोव्हेंबर

सात छायाचित्रांचे चाचणी छाप आले आणि त्यांवरून कळले की गेले दोन आठवडे मी चुकीच्या दिशेने काम करत होते. पुलाच्या रंगाचे नाव इंटरनॅशनल ऑरेंज. मनोऱ्यांच्या पोलादावर आधी दिलेल्या अस्तराचा रंग पाहून वास्तुविशारद आयर्विंग मॉरो यांनी तसाच उबदार रंग कायम ठेवावा असा आग्रह धरला. नौदलाला काळे-पिवळे पट्टे हवे होते. ते मान्य झाले असते तर माझे हे कामच उभे राहिले नसते. छपाईसाठी या रंगाचे प्रमाण जाहीर केलेले आहे: सायन ०, मॅजेंटा ६९, पिवळा १०० आणि काळा ६ टक्के. ते हाताशी आल्यावर मी प्रत्येक छायाचित्रातला पूल ओढूनताणून त्या प्रमाणाला आणला. सात छाप भिंतीवर शेजारी लावले तेव्हा सातही ठिकाणी एकच पूल चिकटवल्यासारखा दिसला. ज्या प्रकाशासाठी पहाटे उठले तोच मी धुऊन टाकला होता.

मूळ बिघाड कॅमेऱ्याच्या आपोआप व्हाइट बॅलन्सने, म्हणजे प्रकाशाप्रमाणे रंग जुळवण्याच्या सोयीने, झाला होता हे खरे. धुक्यात तो रंग मळकट विटकरी करत होता आणि म्हणूनच मी त्या प्रमाणाच्या आहारी गेले. आता सर्व रॉ फाइल (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या नोंदी) पुन्हा उघडून व्हाइट बॅलन्स सगळीकडे ५,३०० केल्विन ठेवला आहे आणि पुलाला स्वतंत्र हात लावायचा नाही असे ठरवले आहे. पहाटेच्या निळ्या प्रकाशात पूल जांभळट तपकिरी दिसतो, तर तो तसाच छापला जाईल. जाहीर प्रमाणाचा उपयोग फक्त ऑगस्टच्या सपाट प्रकाशातल्या छायाचित्रापुरता, छपाईयंत्र रंग बरोबर देते का हे पाहण्यासाठी. वाया गेलेल्या छपाईचा खर्च १८० डॉलर.

२७ डिसेंबर

आठवडाभर पाऊस झाला, परवा आभाळ निवळले, वारा पडला आणि रात्र थंड गेली. अशा वेळी सेंट्रल व्हॅलीच्या भिजलेल्या जमिनीवर टूली धुके धरते. ते उन्हाळ्याच्या धुक्याच्या नेमके उलट वागते. ते समुद्रावरून येत नाही. खोऱ्यातून खाडीत उतरते आणि पुलाखालून समुद्राकडे वाहत जाते. त्याचा थर पातळ असतो. हा दिवस यावा म्हणून नोव्हेंबरपासून नोंदी पाहत होते.

साडेसहाला बॅटरी स्पेन्सरला उभी राहिले तेव्हा धुक्याचा माथा रस्त्याच्या पुष्कळ खाली होता. पूर्ण पूल मोकळा, दोन्ही मुख्य केबल टोकापासून टोकापर्यंत स्वच्छ, दिवे अजून लागलेले, आणि खाली पाण्याऐवजी संथ वाहणारे पांढरे पात्र. दक्षिण मनोऱ्याच्या पायथ्याशी ते पात्र दुभंगत होते आणि पलीकडे एक लांब भोवरा सोडत पुन्हा मिळत होते, अगदी नदीतल्या खडकाभोवती होते तसे. एक मालवाहू जहाज आत येत होते. त्याचे फक्त डोलकाठीचे टोक आणि वरचा दिवा धुक्याबाहेर होता, आणि तो दिवा सरळ रेषेत पुलाखालून सरकत गेला. वारा नसल्यामुळे ३० सेकंदही चालले. ७.२५ च्या सुमारास सूर्य डावीकडून वर आला तेव्हा धुक्यावर पुलाची सावली पडली, केबलला टांगलेल्या उभ्या दोरांसकट. ती सावली सुमारे बारा मिनिटे टिकली, आणि त्या बारा मिनिटांत मी एकदाही जागा बदलली नाही. जागा बदलण्याचा मोह आवरणे हेच त्या वेळचे काम होते.

आज २०४ छायाचित्रे घेतली. मालिकेत दोन घेतली: एक दिव्यांचे, एक सावलीचे.

१८ एप्रिल

वसंतातला वायव्येचा वारा. बॅटरी स्पेन्सरवर उभे राहणे कठीण होते, त्यामुळे ट्रायपॉड गाडीतच ठेवला आणि १/१००० सेकंदावर हातात कॅमेरा धरून, कठड्याच्या भिंतीला पाठ टेकून काम केले. पुलाच्या पश्चिमेकडच्या कठड्याला २०२० मध्ये वाऱ्याच्या दृष्टीने पातळ पट्ट्या बसवल्या, तेव्हापासून जोराच्या वाऱ्यात पूल गुणगुणतो. आज तो स्वर वर टेकडीपर्यंत सलग ऐकू येत होता. छायाचित्रात आवाज येत नाही. वारा दाखवायचा तर पाण्यावरूनच दाखवावा लागतो. म्हणून क्षितिज अगदी वर घेतले आणि चौकटीचा दोन-तृतीयांश भाग फेसाळ पाण्याला दिला. चार महिन्यांपूर्वी याच जागेवरून खाली पाणीच दिसत नव्हते. ही दोन छायाचित्रे मालिकेत शेजारी लागतील.

९ मे

हिशेब. ३८ फेऱ्या, त्यांतल्या १९ पूर्ण वाया. त्यांपैकी ११ पहिल्या तीन महिन्यांतल्या. सुमारे ५,२०० छायाचित्रे, निवडलेली अकरा. मोडतोड, चोरी आणि वाया गेलेली छपाई मिळून १,१९५ डॉलर, इंधन आणि टोल वेगळे. टोल फक्त उत्तरेकडून शहरात येताना लागतो आणि रोख घेत नाहीत, हे बाहेरून येणाऱ्यांनी आधीच पाहून घ्यावे.

बारावे छायाचित्र ठरलेले आहे, मिळालेले नाही. हॉक हिलवरून हिवाळ्यात उगवता सूर्य दोन मनोऱ्यांच्या दरम्यान येतो. त्याच सकाळी धुक्याचा माथा ३०० ते ६०० फुटांच्या मध्ये हवा, म्हणजे सूर्य धुक्यातून वर येईल आणि रस्ता झाकलेला राहील. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सहा वेळा गेले. चार वेळा आभाळ कोरडे ठणठणीत होते, एकदा पाऊस, आणि एकदा माथा नेमका ४५० फुटांवर होता पण पूर्वेच्या टेकड्यांवर ढगांची जाड पट्टी आली आणि सूर्य दिसला तेव्हा तो मनोऱ्यांच्या वर जाऊन पोहोचला होता. नोव्हेंबरपर्यंत थांबेन. तोवर अकरा छाप चौकटीत बसवून भिंतीवर लावले आहेत आणि बाराव्याची जागा मोजून मोकळी सोडली आहे.